पोरांचा खेळ मोडून गणित कसले शिकवता?

दहावीला मुले गणितात नापास होतात, यावर आपल्या राज्याने २०२४ साली एक नामी तोड काढली होती. रेषाच खाली ओढायची! शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात प्रस्ताव आला की, गणित आणि विज्ञानात ३५ऐवजी २० गुण पडले तरी विद्यार्थ्याला पुढची वाट मोकळी करावी. गुणपत्रिकेवर मात्र शेरा मारावा की याला यापुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही. नापासाच्या शिक्क्याने पोर शाळेबाहेर फेकले जाते, हे खरे आहे. त्या प्रस्तावामागची कणव आम्ही नाकारत नाही. पण सोळाव्या वर्षी ज्या पोराची सरकारला एवढी दया आली, त्याच पोराची सहाव्या वर्षी आठवण तरी होती काय? त्याचा निकाल दहा वर्षांपूर्वीच लागला होता. अंगणवाडीच्या सतरंजीवर आणि पहिलीच्या बाकावर लागला होता. दहावीच्या मंडळाने तो फक्त जाहीर केला.

पुरावा हवा असेल तर ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२४चा अहवाल उघडून पाहा. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दोन अंकी हातच्याची वजाबाकी करू शकणारी मुले ३३.७ टक्के. म्हणजे तिसरीतली तीन मुले फळ्यापुढे उभी केली, तर त्यांतल्या दोघांना ४१मधून १३ वजा करता येत नाहीत. पाचवीत साधा भागाकार करू शकणारी मुले ३०.७ टक्के. आणि हे सुधारलेले आकडे आहेत बरे! २०२२ साली तिसरीचा हाच आकडा २५.९ होता. एवढ्या सुधारणेवर कुणाला पेढे वाटायचे असतील तर खुशाल वाटावेत. दरवर्षी-दोन वर्षांनी हे आकडे छापून येतात, दिवाणखान्यांत हळहळ व्यक्त होते आणि पान उलटले जाते. पहिलीपासून तिसरी भाषा कोणती शिकवावी यावर २०२५ साली महाराष्ट्र असा काही पेटला की सरकारला दोन शासन निर्णय मागे घ्यावे लागले. योग्यच झाले. पण पहिलीतल्या पोराला बेरीज कळते की नुसती येते, या प्रश्नावर आजवर एकही मोर्चा निघाल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

कळणे आणि येणे यांतला फरक जाणायला मोठी विद्वत्ता लागत नाही. चार वर्षांचे मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणते. पाहुणे आले की त्याला पुढे करून म्हणायला लावतात आणि आजोबा मिशीत हसतात. त्याच मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, “मला सात दे.” ते मूठभर उचलून तुमच्या हातावर ठेवील. मोजताना शेवटी जो आकडा तोंडातून निघाला तोच त्या ढिगाचा आकडा, ही साधी वाटणारी गोष्ट मुलाला उपजत कळत नाही. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास याच तऱ्हेच्या चाचण्या घेऊन दाखवून दिले की, मुलाला आधी ‘एक’ कळतो, मग ‘दोन’, मग ‘तीन’, आणि या एकेका पायरीला महिने लागतात. त्यानंतर कुठे मोजण्याचे गुपित एकदम उलगडते आणि पुढची सारी संख्या त्याच्या हाती लागते. हे महिने मुलाच्या आयुष्यातले सोन्याचे महिने असतात. त्यांत आम्ही काय करतो? पाटीवर १ ते १०० लिहून आणायला सांगतो!

शहरांतल्या बालवर्गांची कथा तर याहून संतापजनक आहे. इंग्रजी नावाची रंगीत पाटी, दारात कार्टूनचा पुतळा आणि आत तीन वर्षांच्या पोरांसमोर वर्कशीटांचा गठ्ठा. ज्या बोटांत पेन्सिल अजून धड बसत नाही त्या बोटांनी आठाचा आकडा वहीभर गिरवायचा. या धंद्यात दोषी फक्त संस्थाचालक नाहीत. घरी अभ्यास दिला नाही की दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या दारात उभे राहणारे पालकही तितकेच दोषी आहेत. “एवढी फी भरतो, नुसते खेळवता काय?” असे दटावून विचारणाऱ्या सुशिक्षित आईबापांना कुणी तरी ठणकावून सांगायला हवे की, होय, एवढ्या फीमध्ये तुमच्या पोराला नीट खेळवले तर तुमचे पैसे वसूल झाले.

आता कुणी लगेच म्हणेल, आमच्या वेळी कुठे होते हे खेळ-बिळ? छडी होती, उजळणी होती, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होती. पाढ्यांना आम्ही शिव्या देणार नाही. दिडकी पाठ असलेला दुकानदार कागद-पेन्सिल न घेता हिशेब करी, ही त्या शिक्षणाची ताकद होती. परंतु पंतोजींच्या शाळेतून किती मुले अशी तरबेज होऊन निघाली आणि किती मुले गणिताच्या धास्तीने कायमची पळाली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. जी टिकली तीच आज आठवणी लिहितात. शिवाय त्या पिढीकडे एक गोष्ट होती जी आजच्या पोरांकडे उरलेली नाही. शाळा सुटली की अंगणात सागरगोटे होते, गोट्या होत्या, कवड्या टाकून खेळायचा पट होता, आणि विटीदांडूत दांड्याने अंतर मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल असा हिशेब चालायचा. दोन गट, वाटून घ्यायचे डाव, उधारीवरच्या गोट्या आणि त्यावरून होणारी भांडणे! गणिताचा अर्धा अभ्यासक्रम असा धुळीत उरकला जात असे. आज ती धूळही गेली. अंगणात मोटारी उभ्या राहिल्या आणि पोर सोफ्यावर मोबाइल घेऊन बसले.

खेळातून गणित ही कुणा हळव्या माणसाची कल्पना नव्हे. ती पारखून घेतलेली गोष्ट आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक साधा पट खेळायला दिला. १ ते १० अंकांची सरळ रांगेतली दहा घरे, एक फिरकी, एक सोंगटी. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येक बैठक पंधरा-वीस मिनिटांची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ही मुले अंक ओळखण्यात, मोजण्यात, दोन संख्यांतली मोठी कोणती हे सांगण्यात आणि संख्यारेषेवर संख्येची जागा हेरण्यात पुढे गेली. नऊ आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ती शिकवण टिकून होती. घरांत अंकांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांना हा लाभ झाला नाही. पुढच्या प्रयोगांतून आणखी दोन बारकावे निघाले. घरे गोल मांडली तर फायदा घटतो. आणि सोंगटी पाचाच्या घरावरून दोन घरे पुढे नेताना मुलाने “एक, दोन” न म्हणता “सहा, सात” म्हटले पाहिजे. एवढ्याशा फरकात सारे गणित आहे. आपल्या सापशिडीत ओळ संपली की आकडे उलट दिशेने वळतात; मोठ्यांना ते गमतीचे, चार वर्षांच्या मुलाला ते चकवा देणारे. आधी सरळ पट, मग सापशिडी. पुठ्ठा, खडू आणि फोडलेले चिंचोके एवढ्यावर हे भागते. त्यासाठी ना जागतिक बँकेचे कर्ज लागते, ना निविदा.

निविदा लागत नाही, म्हणूनच तर ते होत नाही, असे आम्हाला कधी कधी वाटते.

मात्र खेळाच्या नावाने भाबडेपणा करणाऱ्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. मूल खेळले की आपोआप गणित शिकते, ही समजूत उजळणीवाल्यांच्या समजुतीइतकीच आळशी आहे. दिल्लीत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालवर्गांत गणिती खेळांचा मोठा प्रयोग झाला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांत एलिझाबेथ स्पेल्की होत्या, एस्थर डुफ्लो होत्या. मुलांची अंदाज करण्याची, आकार ओळखण्याची समज खेळांमुळे सुधारली आणि वर्षाहून अधिक काळ टिकली. पण शाळेतल्या अंक-चिन्हांच्या गणितात त्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. खेळ एकीकडे राहिला, वही दुसरीकडे. हीच फारकत मोठ्या वयातही दिसते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली मांडला. गिऱ्हाइकाला आठशे ग्रॅम बटाटे नि दीड किलो कांद्यांचा हिशेब चुटकीसरशी सांगणारी ही पोरे पाठ्यपुस्तकातल्या साध्या उदाहरणापुढे अडली. आणि पुस्तकी गणित सोडवणारी शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबाशी अडली. दोन्हीकडे बुद्धी शाबूत होती. मधला पूल कुणी बांधलाच नव्हता.

तो पूल शिक्षकाने बांधायचा असतो. सात चिंचोके हातात, “सात” तोंडात आणि ७ पाटीवर, हे तिन्ही एकाच वेळी, एकाच मुलाच्या ध्यानात आणून देणे हे कसबाचे काम आहे. आपल्या भाषेत ते आणखी कसबाचे. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतात, लिहिताना चार आधी. एकोणपन्नास ऐकू येतात तेव्हा कानात पन्नास वाजतात आणि पाटीवर चारावर नऊ काढावे लागतात. पोर ४७च्या जागी ७४ लिहिते तेव्हा ते मठ्ठ नसते. ऐकले तसे लिहिते. दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि सुट्या सात काड्या पुढ्यात असल्या की हा घोळ सुटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘चाळीस सात’ अशीही एक वाट सुचवली, त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. ती सूचना घ्यावी की टाकावी यावर दुमत असू शकते; जुन्या संख्यानामांचा जिव्हाळा आम्हालाही आहे. पण महाराष्ट्राने काय केले? मुलांना अडते कुठे, असे एकाही पुढाऱ्याने विचारले नाही. विधिमंडळात एकमेकांच्या आडनावांवर कोट्या झाल्या, बाके वाजली, आणि जन्मभर गणित शिकवलेल्या बाईंच्या म्हणण्याची थट्टा करून लोकप्रतिनिधी चहाला गेले!

हे सारे ज्या भूमीत घडते तिचा वारसा आठवला म्हणजे लाज अधिक वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी गावच्या शाळेत हिशेब, शेती आणि व्यवहाराला लागणारे ज्ञान शिकवा म्हणून निवेदन दिले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ साली मांडणारे गोखले स्वतः गणिताचे शिक्षक, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यांनी वापरलेले. आणि बालशिक्षणात तर आपण कुणाकडे हात पसरायची गरजच नव्हती. ताराबाई मोडक शहरातला शिशुविहार सोडून १९४५ साली बोर्डीला गेल्या. माँटेसरीची महागडी साधने गरिबाच्या पोराला परवडणार नाहीत हे पाहून त्यांनी शंख-शिंपले, बिया, काड्या, पाने, मातीचे गोळे यांची साधने केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. आज देशभरच्या सरकारी फलकांवर ‘अंगणवाडी’ हा शब्द लिहिला जातो तो या बायांच्या पदरातला. अलीकडे ‘ग्राममंगल’ने डहाणूच्या ऐन्यात, ‘नवनिर्मिती’ने ‘सर्वांसाठी गणित’ म्हणत जोडो ठोकळ्यांतून, अरविंद गुप्तांनी पुण्यात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून हीच वाट रुंद केली. जे जगाला हवे होते ते आपल्या घरात होते.

सरकारने त्याचे काय केले? रंगवले! सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांच्या शिक्षकांनी फरशीवर संख्यारेषा आखल्या, काड्या-मणी पोरांच्या हातांत दिले, आणि मुले खरोखरच शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला बसने गेले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, वरून फर्माने सुटली, आणि गावोगाव ऑइलपेंटचे डबे आले. महिन्याभरात फरश्या, भिंती, खांब, पायऱ्या आकड्यांनी भरून गेल्या. कुमठ्यात शिक्षकांनी जे मन घातले होते ते काही डब्यात मिळत नव्हते. साहेबांच्या भेटीच्या दिवशी पोरांना त्या रंगवलेल्या फरश्यांवर बसवायचे, फोटो काढायचे आणि साहेबांची गाडी वळली की पुन्हा फळ्यावरची उदाहरणे उतरवून घ्यायची. चित्रातल्या भाकरीने कुणाचे पोट भरले आहे?

आणि ती गणिताची पेटी! मण्यांच्या माळा, दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, खेळातल्या नोटा, फासे. सरकारी पैशाने घेतलेले उत्तम साहित्य. कित्येक शाळांत ते कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि कुलपामागे डेडस्टॉक रजिस्टर आहे. चार ठोकळे हरवले तर भरपाई कुणी द्यायची? म्हणून शिक्षक पेटी उघडत नाही. तपासणीला ती नव्यासारखी कोरी निघते आणि शेरा पडतो, ‘साहित्य सुस्थितीत’. पोरांनी हाताळून हाताळून झिजवलेली, अर्धे मणी हरवलेली पेटी ज्या शाळेत सापडेल त्या शाळेच्या शिक्षकाला बक्षीस द्यायला हवे. आपण त्याच्याकडे खुलासा मागतो.

शिक्षकाने तरी काय काय करावे? सकाळी पोषण आहाराची नोंद, मग ‘सरल’ पोर्टलवरची माहिती, मग यू-डायसवरची, मधेच मतदारयाद्या, आणि दिवसभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा तगादा : फोटो टाका. ‘निपुण भारत’ २०२१ साली सुरू झाले. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि मूलभूत गणित करता यावे यासाठी २०२६-२७ ही मुदत सरकारनेच घातली. तीन ते आठ ही वर्षे एकसंध धरा आणि खेळातून शिकवा, हे २०२०चे शैक्षणिक धोरण सांगते, २०२२चा पायाभूत स्तराचा आराखडा सांगतो. २०२३ साली खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ही आला. कागद उत्तम आहेत. कागदांविषयी आमची तक्रार कधीच नव्हती.

आता या खेळात डिजिटलचे वारे शिरले आहे, आणि त्याचे सर्वांत कडू उदाहरण अंगणवाडीतच पाहायला मिळाले. सरकारने सेविकांच्या हातात मोबाइल दिला. कशासाठी? पोरांना गोष्ट ऐकवण्यासाठी नव्हे, आकड्यांचा खेळ दाखवण्यासाठी नव्हे. पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरण्यासाठी. मोबाइल निकृष्ट, तापतो, बंद पडतो, ॲप इंग्रजीत, अशा तक्रारी करून २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. ज्या बाईला आपण वेतन देत नाही, मानधन देतो, तिच्याकडून आहार, लसीकरण, वजन, सर्वेक्षण अशी सारी कामे करून घेतो, आणि उरलेल्या वेळात तिने तीस पोरांच्या मेंदूचा पाया घालायचा! वयाच्या सहा वर्षांपर्यंत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, हे वाक्य शैक्षणिक धोरणातच छापलेले आहे. छापणाऱ्यांनी ते वाचले असते तर सेविकेकडे डेटा भरणारी बाई म्हणून पाहिले नसते.

शाळांतला डिजिटलपणा पाहावा तर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही भिंतीवर, त्यावर बडबडगीत आणि समोर मांडी घालून बसलेली चाळीस पोरे. वीजबिल थकले की तेही बंद. तेवढा वेळ ती गप्प बसतात, म्हणून सगळे खूश. अहो, पण गणित गप्प बसून होत नाही! यंत्राने मुलाला शिकवावे ही कल्पनाच सीमोर पेपर्ट यांनी अर्ध्या शतकापूर्वी उलटी केली होती. १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘लोगो’ ही मुलांची संगणकभाषा घडवली. त्यात मूल पडद्यावरच्या कासवाला हुकूम सोडते, इतकी पावले पुढे, इतके अंश उजवीकडे. कासव चुकले तर आपला हुकूम कुठे चुकला हे मूल शोधते. तिथे मूल मालक होते. त्याच विचारातून निघालेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या मोहिमेचा देशातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराटच्या चिमुकल्या शाळेत झाला. पण पुढे पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले आणि ३१९ शाळांची काटेकोर पाहणी झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक शून्य. यंत्र आले होते, त्याच्याभोवतीची शिकवणूक आली नव्हती.

बाजाराचे तर विचारूच नका. टाळेबंदीच्या २०२० सालात सहा वर्षांच्या पोरांना कोडिंग शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती इतक्या बोकाळल्या की त्यांतल्या काही जाहिरात मानक परिषदेला मागे घ्यायला लावाव्या लागल्या. २०२२ साली २२ अब्ज डॉलर किमतीची म्हणून मिरवलेली ‘बायजूज’ ही ऑनलाइन शिकवणीची कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. मधल्या काळात हप्त्यावर टॅब घेऊन आपले पोर मागे पडू नये म्हणून धडपडलेल्या आईबापांची भरपाई कोण करणार? जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात बसल्या जागी पडद्यासमोर तासाहून अधिक ठेवू नका, त्याहूनही कमी बरे. त्या तासाची अर्धी मुदत तर जेवण भरवतानाच संपते.

इतके बोलल्यावर आम्हाला कुणी यंत्रद्वेष्टे ठरवील, म्हणून सांगतो : आम्ही टॅबच्या विरुद्ध नाही. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या स्पर्धेत टांझानियातल्या खेड्यांतल्या, बहुतेक कधी शाळेत न गेलेल्या मुलांना टॅब दिले गेले. २०१९ साली बक्षीस मिळालेल्या प्रणालींनी मुलांना वाचन-लेखन आणि अंकगणित शिकवून दाखवले. कसे? त्यातली भाषा मुलांची स्वतःची, स्वाहिली होती. इंटरनेटची गरज नव्हती. चार्ज करायला सौरऊर्जा होती. मूल चुकले की टॅब पुढे पळत नव्हता. चांगले यंत्र एवढे करू शकते : न कंटाळता पुन्हा विचारणे, एकेकट्या पोराच्या चालीने चालणे, आणि कुठले पोर कुठे अडले हे शिक्षकाच्या कानावर घालणे. दोन इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या वस्तीवरच्या गुरुजींना ही मोठी मदत आहे. आपल्याकडे परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, साऱ्या राज्याने अभिनंदनाचे फलक लावले. फलक उतरल्यावर एवढे तरी विचारायचे होते की, पुस्तकावरचा तो कोड उघडायला लागणारा फोन ऊसतोडीच्या फडात बापाच्या खिशात असतो, त्या पोराने काय करायचे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे आणि त्यात पळवाटा नाहीत. महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण ही दोन खाती तीन ते आठ वर्षांचे एकच मूल मधोमध कापून वाटून घेतात. दोन्ही मंत्र्यांनी एका टेबलाशी बसून त्याच्या गणिताची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहावी. अंगणवाडी ते दुसरी, रोज एक तास हाताळण्याच्या गणिताचा, आणि त्या तासात फोटो मागणाऱ्या साहेबाला कारणे दाखवा नोटीस. सेविकेच्या माहिती भरण्याच्या कामाला स्वतंत्र माणूस. मणी, काड्या, ठोकळे डेडस्टॉकमधून काढा. खडूसारखे ते खपणारे सामान माना आणि दरवर्षी नव्याने द्या. टॅब, टीव्ही, ॲप यांचा एकही रुपया मंजूर करण्यापूर्वी विक्रेत्याचा नव्हे, त्रयस्थाचा अहवाल सभागृहात ठेवा : हे इंटरनेटविना चालते का, मराठीत आणि जिथे मूल भिली, कोरकू, गोंडी, वारली बोलते तिथे त्या भाषेत बोलते का, आणि यात पोराची स्वतःची पाळी दर मिनिटाला किती वेळा येते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याला मंत्रालयाच्या दारातूनच परत पाठवावे. आणि शाळांचे वीजबिल सरकारने स्वतः भरावे. ज्या गावात मीटर कापलेला आहे तिथे डिजिटल शाळेचा फलक लावणे ही फसवणूक आहे.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. चिंचोक्यांना पैसा लागत नाही. जूनमध्ये शाळा भरतील तेव्हा आमचे वार्ताहर रंगवलेल्या भिंती पाहायला जाणार नाहीत. ते प्रत्येक शाळेत एकच चौकशी करतील : गणिताच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, आणि ते शेवटचे कधी उघडले होते.